लांब फेकणारा की नेमका फेकणारा?

ऑगस्ट लागला की अमेरिकेतल्या ३२ व्यावसायिक फुटबॉल संघांपैकी चार-पाच संघांत तरी एकच वाद रंगतो. मोसमाच्या पहिल्या सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून कोण उतरणार? उमेदवार बहुधा दोन असतात. एकाचा हात असा, की सराव बघायला आलेली माणसं बोलता बोलता थांबतात. मागच्या पायावर रेलून हा गडी साठ यार्ड चेंडू भिरकावतो. दुसऱ्याच्या फेकीकडे कुणी मान वळवून बघत नाही. त्याचा चेंडू निघतो, धावणाऱ्या रिसीव्हरच्या छातीपुढे हातभर अंतरावर येतो, रिसीव्हर तो घेतो आणि पुढे पळत राहतो. बस्स, एवढंच. आणि तरीही बऱ्याचदा कौल पहिल्याच्या बाजूने लागतो. कारण म्हणून एक ठरलेलं वाक्य फेकलं जातं: नेमकेपणा शिकवता येतो, हात शिकवता येत नाही.

माझं म्हणणं या वाक्याच्या विरोधात आहे. क्वार्टरबॅकला हात लागतो, पण पुरेसा लागतो. जास्तीचा हात ही चैन आहे. नेमकेपणा मात्र रोजची भाकरी आहे. ज्याच्या हातात संघ सोपवायचा आहे त्याची निवड भाकरीवरून व्हावी, चैनीवरून नव्हे.

आपल्याकडे हा खेळ फारसा कुणी बघत नाही, म्हणून दोन शब्द. अकरा जणांच्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाच्या सुरुवातीला चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो. त्याच्या अंगावर शंभर-सव्वाशे किलोची माणसं धावून येत असतात आणि त्याला थांबवून धरणारे त्याचे पाच साथीदार अडीच-तीन सेकंद टिकतात. तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि फेकायचं. चेंडू जमिनीवर पडला तर एक प्रयत्न वाया. समोरच्याने झेलला, ज्याला इंटरसेप्शन म्हणतात, तर सगळंच गेलं.

क्रिकेट बघणारा माणूस लगेच म्हणेल, हे वेग विरुद्ध टप्पा असंच झालं की. शोएब अख्तर की ग्लेन मॅकग्रा? उपमा मोहात पाडणारी आहे, पण ती अर्ध्या वाटेवर सोडून जाते. गोलंदाजाचे स्टंप जागचे हलत नाहीत. क्वार्टरबॅकचं लक्ष्य पळत असतं, वळत असतं, कधी कधी पाठमोरं असतं, आणि त्याच्या शेजारी ते लक्ष्य झाकायला दुसरा एक जण पळत असतो. रिसीव्हर जिथे आहे तिथे फेकून उपयोग नाही. तो जिथे असणार आहे तिथे फेकायचं. म्हणजे इथला नेमकेपणा जागेचा जितका आहे तितकाच वेळेचाही आहे. हात विरुद्ध नेमकेपणा हा वाद घालणारे नेमकं हेच विसरतात.

एक ढोबळ हिशेब मांडून बघा. रिसीव्हर ३० यार्डांवर, म्हणजे साधारण २७ मीटरवर आहे. एकाचा चेंडू ताशी ९५ किलोमीटर वेगाने जातो, दुसऱ्याचा ८० ने. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर पहिला चेंडू सुमारे १.०४ सेकंदात पोहोचतो, दुसरा १.२३ सेकंदात. तेवढ्या फरकात जोरात पळणारा बचावपटू दीड मीटर कापतो. दीड मीटर या खेळात थोडा नव्हे, झेल आणि इंटरसेप्शन यांच्यात तेवढंच अंतर असतं. इथवर हाताची बाजू मांडणारे बरोबर आहेत. पण दुसऱ्याने चेंडू दोन दशांश सेकंद आधी सोडला तर? रिसीव्हर वळायच्या आधी, त्याच्या खांद्याची हालचाल ओळखून? फरक मिटला. आता उलटी बाजू बघा. फेकीची दिशा फक्त दोन अंशांनी चुकली, तर त्याच २७ मीटरवर चेंडू जवळजवळ एक मीटर बाजूला जातो. हा मीटर कुठल्याही वेगाने भरून निघत नाही. उलट चेंडू जितका जोरात तितका तो बोटांवर आपटून वर उडण्याची आणि भलत्याच्या हातात पडण्याची शक्यता जास्त.

म्हणजे हाताची उणीव डोक्याने भरून काढता येते, दिशेची उणीव हाताने भरून काढता येत नाही. अर्थात एका मर्यादेपर्यंत. मैदान १६० फूट रुंद असतं. एका बाजूच्या खुणेवरून पलीकडच्या रेषेजवळ, पंधरा यार्ड पुढे असलेल्या रिसीव्हरला पास द्यायचा, तर क्वार्टरबॅक मागे सरकलेला असतो हे धरून चेंडू हवेतून ३५ यार्डांहून जास्त जातो. ज्याचा चेंडू तिथवर तरंगत तरंगत जातो त्याच्याविरुद्ध बचावपटू निवांत उभे राहतात आणि मधल्या जागेत गर्दी करतात. तेव्हा एक उंबरठा आहे, हे मान्यच. माझा आक्षेप उंबरठ्याला नाही. उंबरठा ओलांडल्यावर पुन्हा कोण किती पुढे गेला याची शर्यत लावण्याला आहे.

ही शर्यत का लागते, हे समजायला फार खोलात जावं लागत नाही. माझी बहीण न्यू जर्सीत राहते. तिचा मुलगा चौदा वर्षांचा असताना शाळेच्या संघाच्या निवडीला गेला. तिथल्या प्रशिक्षकाने पोरांना एका रेषेवर उभं केलं आणि जमेल तितकं लांब फेकायला सांगितलं. एका उंच पोराने याच्यापेक्षा दहा-बारा यार्ड लांब फेकला. निवड तिथेच झाली. रात्री फोनवर भाचा चिडलेला नव्हता, गोंधळलेला होता. म्हणाला, ‘‘मामू, मॅचमध्ये एवढं लांब किती वेळा फेकतात?’’ प्रश्न पोराचा, पण मोठमोठ्या संघांच्या मालकांनी स्वतःला विचारावा असा. व्यावसायिक सामन्यांतसुद्धा वीस यार्डांच्या पुढे टाकलेला पास दहातून एखादा असतो. बाकी सगळा व्यवहार त्याच्या आत चालतो. निवड मात्र त्या एकावरून होते, कारण तो एक डोळ्यांना दिसतो. लांबी फितीने मोजता येते, वेग यंत्रावर दिसतो. नेमकेपणा दिसायला दोनशे फेकी बघाव्या लागतात, आणि दोनशे फेकी बघायला सवड कुणाला असते? (भाच्याला त्यांनी कॉर्नरबॅक केलं. म्हणजे तो आता दुसऱ्यांचे चुकलेले पास पकडतो. त्याला ते आवडतं म्हणे.)

या खेळाला नेमकेपणाचं महत्त्व शिकवलं ते एका मोडलेल्या खांद्याने, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. १९६९ साली सिनसिनाटी बेंगल्सकडे ग्रेग कुक नावाचा नवा क्वार्टरबॅक आला. असा हात तिथल्या लोकांनी पाहिलेला नव्हता. पहिल्याच मोसमात, तिसऱ्या सामन्यात, त्याचा खांदा दुखावला. तो तसाच खेळत राहिला आणि त्याची कारकीर्द तिथेच जवळपास संपली. पुढच्या वर्षी संघाकडे उरला व्हर्जिल कार्टर. हात बेताचा, पण डोकं तल्लख आणि फेक नेमकी. बिल वॉल्श तेव्हा तिथे सहायक प्रशिक्षक होते. कार्टरला लांब फेकता येत नाही म्हटल्यावर त्यांनी खेळच वेगळा मांडला: आखूड पास, मैदानाच्या लांबीऐवजी रुंदीचा वापर, आणि रिसीव्हरचं पाऊल आणि क्वार्टरबॅकचं पाऊल यांचा मेळ. १९७१ मध्ये पूर्ण झालेल्या पासांच्या टक्केवारीत कार्टर सगळ्या लीगमध्ये पहिला होता. पुढे वॉल्श सॅन फ्रान्सिस्कोला मुख्य प्रशिक्षक झाले आणि १९७९ च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी तिसऱ्या फेरीत, ८२ व्या क्रमांकावर, ज्याच्या हाताबद्दल सगळे नाकं मुरडत होते असा एक पोरगा घेतला. तो जो मोंटाना. चार सुपर बोल जिंकला. त्याचा चेंडू जेरी राइसच्या हातात पडायचा तो राइसचा वेग न मोडता पडायचा, आणि मग पाच यार्डांच्या पासचे पन्नास यार्ड व्हायचे. ते पंचेचाळीस यार्ड कुणाच्या खात्यात धरायचे, हा प्रश्न हात मोजणाऱ्यांना पडत नाही.

जुन्या पिढीचा हाताकडे ओढा होता त्यालाही कारण होतं, हे सांगायला हवं. १९७८ पूर्वी बचावपटू रिसीव्हरला मैदानभर ढकलू शकत असत. वेळेवर ठरल्या जागी पोहोचणंच अवघड, तिथे वेळेचा नेमकेपणा काय कामाचा? जो नामथचे कारकिर्दीत निम्मेच पास पूर्ण झाले आणि टचडाउनपेक्षा इंटरसेप्शन जास्त होते. टेरी ब्रॅडशॉने चार सुपर बोल जिंकले तेही ५१.९ टक्क्यांवर. त्या काळात मोठा फटका मारून मोकळं होणं हेच शहाणपण होतं. १९७८ मध्ये नियम बदलला, पाच यार्डांपुढे रिसीव्हरला धक्का मारायला बंदी आली, आणि खेळाचं अर्थशास्त्र बदललं. आज सगळ्या लीगचे मिळून शंभरातले ६४-६५ पास पूर्ण होतात. नियम बदलून चार दशकं उलटली. नजर बदललेली नाही.

आता २००८ चा मोसम. तेव्हा मी नोकरीनिमित्त न्यू जर्सीत होतो. न्यू यॉर्क जेट्स हा संघ नावाने न्यू यॉर्कचा, खेळतो न्यू जर्सीत, त्यामुळे कचेरीतली अर्धी माणसं जेट्सची भक्त. त्यांचा क्वार्टरबॅक होता चॅड पेनिंग्टन. खांद्यावर दोन शस्त्रक्रिया झालेल्या, चेंडू लांब गेला तर कौतुक अशी अवस्था. पण २००२ मध्ये पूर्ण पासांच्या टक्केवारीत लीगमध्ये पहिला. ऑगस्टमध्ये ग्रीन बेचा ब्रेट फार्व्ह निवृत्तीतून परतला आणि जेट्सने त्याला आणलं. फार्व्ह म्हणजे हाताचा दंतकथेतला राजा. अडतीस वर्षांचा होता, तरी चेंडू बंदुकीतून सुटल्यासारखा जायचा. पेनिंग्टनला त्याच दिवसांत मोकळं केलं. कचेरीत कुणीतरी पेढे वाटावेत तसे डोनट वाटले होते, मला चांगलं आठवतं. पेनिंग्टन गेला मायामी डॉल्फिन्सकडे. आदल्या वर्षी १६ पैकी एक सामना जिंकलेला संघ. तोही त्याच गटातला, म्हणजे वर्षात दोनदा गाठ पडणार.

पहिली गाठ मोसमाच्या पहिल्याच दिवशी पडली. जेट्स २०–१४ ने जिंकले. शेवटच्या क्षणांत पेनिंग्टनने बरोबरीसाठी टाकलेला पास एंड झोनमध्ये जेट्सच्या बचावपटूने पकडला. सोमवारी कचेरीत हसू मावत नव्हतं. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात जेट्स ११ पैकी ८ सामने जिंकून बसले होते. मग गाडी घसरली. शेवटच्या पाच सामन्यांत फार्व्हचे टचडाउन पास दोन आणि इंटरसेप्शन नऊ. २८ डिसेंबरला मोसमाचा शेवटचा सामना, मेडोलँड्सच्या मैदानावर, समोर पेनिंग्टन. त्याने ३० पैकी २२ पास पूर्ण केले, दोन टचडाउन, एकही इंटरसेप्शन नाही. फार्व्हचे तीन पास समोरच्यांनी पकडले, त्यातला एक तर बचावफळीतल्या आडदांड लाइनमनने, आणि तो घेऊन तो सरळ एंड झोनमध्ये गेला. मायामी २४–१७. गटविजेतेपद मायामीचं, ११ विजय. जेट्स घरी, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली. मोसमाचा हिशेब: फार्व्ह २२ इंटरसेप्शन, पेनिंग्टन ७.

या एका मोसमावर सगळा निकाल देऊ नये, हे मला कळतं. फार्व्हच्या दंडाचा स्नायुबंध फाटलेला होता, हे नंतर बाहेर आलं. गटातला बलाढ्य संघ न्यू इंग्लंड. त्यांचा टॉम ब्रेडी पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला म्हणून वाट मोकळी झाली. मायामीने त्या वर्षी वाइल्डकॅट नावाची चाल काढून सगळ्यांना चकवलं, त्याचं श्रेय पेनिंग्टनला नाही. आणि प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात बाल्टिमोरच्या बचावापुढे याच नेमक्या पेनिंग्टनचे चार पास पकडले गेले. बाल्टिमोरवाले आखूड पासांच्या वाटेवर दबा धरून बसले होते आणि त्यांना मागे रेटेल असा हात त्याच्याकडे नव्हता. उंबरठा म्हणतो तो हाच. पण या सगळ्या वजाबाक्या केल्यावरही मला एक गोष्ट शिल्लक दिसते. मायामीच्या बाकी दहा जणांना ठाऊक होतं की आपण आपलं काम केलं तर चेंडू वेळेवर येईल. लाइनमनला ठाऊक होतं की अडीच सेकंद धरून ठेवायचंय, पाच नाही. रिसीव्हरला ठाऊक होतं की वळलो की चेंडू तिथे असेल. एका माणसाचा नेमकेपणा दहा जणांची मेहनत सोपी करतो. मोठ्या हाताचं तसं नसतं. तो बहुतेकदा इतरांकडे जास्तीचा वेळ मागतो.

नेमकेपणाच्या नावाखाली आकडेवारीची भोंदूगिरीही चालते, त्याकडे डोळेझाक करू नये. २०१६ मध्ये मिनेसोटाच्या सॅम ब्रॅडफर्डने ७१.६ टक्के पास पूर्ण करून तेव्हाचा विक्रम केला. संघ प्लेऑफलाही पोहोचला नाही. तीन यार्डांवर उभ्या असलेल्या माणसाला चेंडू देत राहिलं तर टक्केवारी फुगतेच. टक्केवारी म्हणजे नेमकेपणा नव्हे. आता चेंडूत आणि खेळाडूंच्या खांद्यांवर लावलेल्या चिप्समुळे पास किती अवघड होता हे काढता येतं आणि त्या मानाने किती पूर्ण झाले ते बघता येतं. पण माझ्यासारख्याला साधी कसोटी पुरते: चेंडू घेतल्यावर रिसीव्हर थांबला की पळत राहिला?

हे सगळं बोलून झालं की समोरचा हमखास एक नाव काढतो. जॉश ॲलन. वायोमिंग विद्यापीठात त्याचे ५६ टक्के पास पूर्ण व्हायचे. बफेलो बिल्सने २०१८ मध्ये त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं तेव्हा आकडेवारीवाल्यांनी कपाळाला हात लावला होता. पहिल्या वर्षी ५२.८ टक्के, दुसऱ्या वर्षी ५८.८, तिसऱ्या वर्षी ६९.२. २०२४ च्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. मग नेमकेपणा शिकवता येतो, हे सिद्ध झालं ना?

एका माणसाने शिकून दाखवलं, एवढं सिद्ध झालं. पण त्याला शिकायला काय काय मिळालं ते बघा. तीन वर्षं पक्की जागा. तोच मुख्य प्रशिक्षक. तिसऱ्या वर्षी खास त्याच्यासाठी आणलेला स्टेफॉन डिग्ससारखा रिसीव्हर. हा धीर हाताला मिळतो. ज्याचा हात बेताचा, त्याचा एक महिना वाईट गेला की लगेच निदान होतं: याची धाव इथपर्यंतच. मोठ्या हाताची प्रत्येक चूक भविष्याच्या खात्यात उधार लिहिली जाते, लहान हाताची प्रत्येक चूक पुरावा म्हणून. नेमकेपणा शिकवता येतो असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, ओकलंडने २००७ मध्ये सगळ्यांत आधी उचललेल्या जामार्कस रसेलला तो का शिकवता आला नाही? त्याच्या हाताच्या कहाण्या अजून सांगतात. २५ सामन्यांत सुरुवात, ७ विजय, ५२ टक्के, आणि तीन मोसमांत कारकीर्द खलास. इंडियानापोलिसने २०२३ मध्ये चौथ्या क्रमांकावर घेतलेला अँथनी रिचर्डसन घ्या. अफाट हात, विद्यापीठात ५५ टक्क्यांच्या आत. २०२४ मध्ये ४७.७. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याला बाजूला करून डॅनियल जोन्सला, ज्याला दुसऱ्या संघाने टाकून दिलं होतं त्याला, जागा दिली, आणि संघाने पहिल्या दहापैकी आठ सामने जिंकले. डिसेंबरात जोन्सच्या पायाचा स्नायुबंध तुटला आणि सगळं विस्कटलं, ती गोष्ट वेगळी. ॲलन सगळ्यांना आठवतो कारण तो एक आहे. रसेलच्या रांगेतले पुष्कळ, म्हणून कुणी लक्षात ठेवत नाही.

बफेलोच्या वाऱ्याचंही नाव पुढे केलं जातं. तिथे डिसेंबरात खेळायचं तर तोफच हवी, म्हणे. ६ डिसेंबर २०२१ ला तिथे असा वारा सुटला की चेंडू हवेत वाकत होता. पाहुण्या न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक मॅक जोन्स, बेताच्या हाताचा. त्यांनी त्याला सबंध सामन्यात तीनच पास टाकायला लावले, बाकी नुसते पळत राहिले, आणि १४–१० ने जिंकले. तोफवाल्या ॲलनचे ३० पैकी १५ पास पूर्ण झाले. सहा आठवड्यांनी त्याच मैदानावर, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, प्लेऑफला हेच दोन संघ भेटले. ॲलनने २५ पैकी २१ पास पूर्ण केले, पाच टचडाउन, ४७–१७. त्या रात्री जिंकला तो हात खरा, पण सरळ झालेला हात.

या वादाचा आणखी एक पदर आहे आणि तो मला सगळ्यांत जास्त खुपतो. हात ही देणगी आणि नेमकेपणा ही बुद्धी, अशी विभागणी एकदा केली की देणगी कुणाची आणि बुद्धी कुणाची, हेही आपोआप वाटलं जातं. अमेरिकेत ते वंशावरून वाटलं गेलं. काळ्या क्वार्टरबॅकचं कौतुक दशकानुदशकं त्याच्या हाताचं आणि पायांचं व्हायचं. चाल ओळखणं, वेळ साधणं हे शब्द गोऱ्यांसाठी राखीव असायचे. वॉरन मून १९७८ मध्ये आपल्या विद्यापीठाला रोझ बोल जिंकून देऊन बाहेर पडला. ड्राफ्टमध्ये त्याला एकाही संघाने घेतलं नाही. जागा बदलून दुसरं काही खेळायची त्याची तयारी नव्हती. तो कॅनडात एडमंटनला गेला, तिथे लागोपाठ पाच ग्रे कप जिंकला, आणि १९८४ मध्ये ह्यूस्टनने त्याला बोलावलं तेव्हा अमेरिकेला तो दिसला. २००६ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर २०१८ मध्ये लमार जॅक्सनबद्दल एका नामवंत माजी संघ-व्यवस्थापकाने जाहीरपणे सांगितलं की याने रिसीव्हर व्हावं. पहिल्या फेरीत अगदी शेवटी, ३२ व्या क्रमांकावर बाल्टिमोरने त्याला घेतलं. पुढच्याच वर्षी त्याने ६६ टक्के पास पूर्ण केले आणि एकही मत विरोधात न जाता सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या व्यवस्थापकाने नंतर आपलं चुकलं हे कबूल केलं, ते त्याच्या मोठेपणाचं. पण किती पोरांना शाळेतच रेषेवर उभं करून, ‘तुझे पाय चांगले आहेत, तू पळ’, असं सांगितलं गेलं असेल, त्यांच्याकडे कबुली द्यायला कोण जाणार? एखाद्याच्या अंगाची स्तुती करून त्याच्या अकलेला दाराबाहेर ठेवण्याची ही रीत फक्त फुटबॉलची नाही, हे मी वेगळं सांगायला नको.

म्हणून सुरुवातीचा क्वार्टरबॅक निवडताना प्रशिक्षकाला किती धैर्य लागतं, हे २००१ च्या न्यू इंग्लंडकडे बघून कळतं. ड्र्यू ब्लेडसो १९९३ च्या ड्राफ्टचा पहिला खेळाडू, तोफेसारखा हात, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये संघाने त्याच्याशी दहा वर्षांचा, दहा कोटी डॉलरच्या वरचा करार केलेला. सप्टेंबरमध्ये जेट्सच्या खेळाडूने त्याला असं हाणलं की आत रक्तस्राव झाला. त्याच्या जागी आला टॉम ब्रेडी, आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये १९९ व्या क्रमांकावर उरलेला. हात साधा म्हणून उरलेला. नोव्हेंबरात ब्लेडसो बरा झाला. मालकाचा पैसा, चाहत्यांचं प्रेम, वर्तमानपत्रं, सगळं त्याच्या बाजूला. बिल बेलिचेकनी ब्रेडीला ठेवलं. सुपर बोलच्या आधीच्या सामन्यात ब्रेडीचा घोटा दुखावला, ब्लेडसो उतरला, आल्या आल्या टचडाउन पास टाकला आणि संघ जिंकला. पुन्हा तोच प्रश्न, आता आठवड्याभराच्या मुदतीत. बेलिचेकनी पुन्हा ब्रेडीला निवडलं.

३ फेब्रुवारी २००२. सेंट लुईस रॅम्सशी १७–१७ बरोबरी, दीड मिनिटाच्या आत वेळ शिल्लक, एकही टाइमआउट नाही, चेंडू आपल्याच टोकाला. दूरचित्रवाणीवर समालोचन करणारे जॉन मॅडन म्हणत होते की धोका पत्करू नका, वेळ संपू द्या. ब्रेडीने आखूड पास टाकायला सुरुवात केली. जे. आर. रेडमंडला एक, आणखी एक, आणखी एक. मग ट्रॉय ब्राउनला, २३ यार्डांचा. त्या धावपळीतला सगळ्यांत मोठा फायदा तोच. मग जर्मेन विगिन्सला सहा यार्डांचा. चेंडू जमिनीवर आपटून त्याने घड्याळ थांबवलं तेव्हा सात सेकंद उरले होते आणि ॲडम विनाटिएरीच्या पायाला ४८ यार्ड पार करायचे होते. त्याने ते केले. २०–१७.